बारापैकी बारा बरे झाले, पण ते बारा कोण होते?

आजचा भाग जरा जड आहे. बसमध्ये ऐकत असाल तर हरकत नाही, पण दीडच्या स्पीडवर ऐकू नका, मधली एखादी ओळ सुटली तर पुढचं उलटं लागेल.

जून २०२२ मध्ये तुमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड नक्की आला असणार. ‘कॅन्सरवर औषध सापडलं, अमेरिकेत सगळेच्या सगळे पेशंट बरे!’ खाली हात जोडलेले इमोजी. एरवी असल्या फॉरवर्डमध्ये लिंबूपाणी नाहीतर गोमूत्र असतं. हा मात्र खोटा नव्हता, अर्धा होता. आणि अर्धं खरं फार त्रास देतं, कारण ज्याच्या घरात पेशंट आहे तो दुसऱ्याच दिवशी ते घेऊन मिरजेला नाहीतर कराडला डॉक्टरांच्या पुढ्यात जाऊन बसतो. ‘साहेब, हे औषध आमच्या अण्णांना द्या की.’

खरं काय घडलं होतं ते आधी सांगतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर असलेल्या १२ जणांना दोस्तारलिमॅब नावाचं औषध दिलं. दर तीन आठवड्यांनी एक डोस, असं सहा महिने. बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. दुर्बिणीतून नाही, स्कॅनमध्ये नाही, कुठेच नाही. ऑपरेशन झालं नाही, शेक दिला नाही, केमो नाही. २०२५ मध्ये त्याच डॉक्टरांनी पुढचे आकडे दिले. गुदाशयाच्या कॅन्सरचे ४९ जण उपचार पूर्ण करून बसले होते, आणि त्या ४९ जणांचीही गाठ गेली होती.

आता गाळलेली ओळ. हे सगळे पेशंट निवडून घेतलेले होते. त्या प्रत्येकाच्या गाठीत एकच ठरावीक बिघाड होता. पेशीमध्ये डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी एक यंत्रणा असते, ती त्यांच्या गाठीत बंद पडलेली होती. गुदाशयाच्या कॅन्सरचे शंभर पेशंट घेतले तर असे पाच ते दहा निघतात. उरलेल्या नव्वदांना हे औषध असं चालत नाही.

म्हणजे ‘हे औषध अण्णांना द्या की’ याच्या आधीचा प्रश्न असा आहे: अण्णांची गाठ त्या पाच-दहांतली आहे का? हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो का? मोठ्या हॉस्पिटलात जातो. बाकीकडे कधी जातो, कधी राहून जातो. आणि त्याचं उत्तर मिळवायला अमेरिकेला जावं लागत नाही.

आतड्याचा कॅन्सर हे एक नाव आहे, पण आत आजार एक नाही. वरून गाठ सारखीच दिसते, ऑपरेशनही सारखंच होतं. आत पेशी बिघडल्या कशा, ते मात्र वेगळं असतं. सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ, ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

समजा जुन्या उताऱ्यावरून नवा उतारा हातानं लिहायचाय. चूक दोन प्रकारची होऊ शकते. पहिली म्हणजे काना-मात्रेची. पाटीलचं पटील झालं, ‘रामचंद्र’मधला अनुस्वार गेला. एक-दोन असतील तर चालून जातं, पण प्रत्येक ओळीत असल्या चुका हजारोंनी झाल्या तर तो कागद कामाचा राहत नाही. दुसरी चूक वाटणीची. अक्षर न् अक्षर बरोबर आहे, पण एक अख्खा गट एका भावाच्या नावावर दोनदा चढला आणि दुसऱ्याच्या उताऱ्यावरून पार गायब झाला.

पेशी विभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते, साधारण तीनशे कोटी अक्षरांचा एक संच, आणि असे दोन संच. आतड्याचं अस्तर तर दर काही दिवसांनी नवं होतं, म्हणजे तिथं नकला सतत चाललेल्या. आता काना-मात्रेच्या चुका कुठं जास्त होतात? जिथं तीच अक्षरं परत परत येतात तिथं. तुम्ही चॅटवर ‘हाहाहाहाहाहा’ लिहिता ना, त्यात किती हा होते हे बघून परत लिहायला सांगितलं तर एखादा कमी-जास्त होणारच. डीएनएमध्येही अशा ‘हाहाहा’च्या जागा आहेत, त्यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. तिथं नक्कल करणारं यंत्र घसरतं. मग मागून तपासनीस येतो आणि दुरुस्त करतो. हा तपासनीसच रजेवर गेला की त्या जागा अस्थिर होतात. याला म्हणतात मायक्रोसॅटेलाइट इन्स्टॅबिलिटी, रिपोर्टवर एमएसआय. १९९३ मध्ये आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे पहिल्यांदा दिसलं. दुरुस्तीची ही यंत्रणा नेमकी कशी चालते हे उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये साधारण १५ टक्के असे. पसरलेल्या, म्हणजे चौथ्या स्टेजच्या पेशंटमध्ये फक्त चार-पाच टक्के.

बाकीच्यांत बहुतेकांची भानगड वाटणीची. अक्षरं बऱ्यापैकी ठीक, पण गुणसूत्रांचे तुकडेच्या तुकडे कमी-जास्त. एका पेशीत अडीच हिस्से, दुसरीत अर्धा. याला गुणसूत्रांची अस्थिरता म्हणतात. यावर थेट चालणारं औषध आज नाही, हे सरळ सांगून टाकतो. उलट हीच अस्थिरता आपल्याला नडते. प्रत्येक विभाजनात वेगळी वाटणी झाली की गाठीत नाना तऱ्हेच्या पेशी तयार होतात, आणि औषध दिलं की त्यातली जी तग धरते तीच वाढते. पहिल्या सहा महिन्यांत गाठ निम्मी झाली, घरच्यांनी पेढे वाटले, आणि वर्षानं परत वाढली, असं होतं ना? त्यात डॉक्टरांचा हात आखडलेला नसतो, पथ्यही चुकलेलं नसतं. मटण खाल्लं म्हणून वाढली असं ऐकवणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांना हा भाग पाठवा.

या दोन ढोबळ गटांच्या पुढे जाऊन २०१५ मध्ये जगभरच्या संशोधकांनी चार हजारांहून जास्त गाठींची माहिती एकत्र करून चार उपप्रकार पाडले. त्यांना सीएमएस एक ते चार म्हणतात. पहिला आपला एमएसआयवाला, प्रतिकारशक्तीच्या पेशींनी भरलेला, सुमारे १४ टक्के. दुसरा नेहमीचा, ३७ टक्के. तिसऱ्यात पेशींचं खाणं-पिणंच बदललेलं, १३ टक्के. चौथा चिवट, आजूबाजूच्या तंतूंसकट वाढणारा, २३ टक्के, आणि पुढची वाटचाल सगळ्यांत वाईट याच गटाची. उरलेले १३ टक्के कुठंच नीट बसले नाहीत. यूट्यूबवर याचे रंगीत तक्ते भरपूर सापडतील. माझं मत विचाराल तर संशोधनासाठी हे फार मोलाचं आहे, पण आज ओपीडीत सीएमएस नंबर बघून कुणाचं औषध ठरत नाही. त्यासाठी शेकडो जनुकांची हालचाल मोजावी लागते, आणि एकाच गाठीच्या दोन टोकांत वेगवेगळा नंबर निघू शकतो. कुणी हजारो रुपयांचं पॅकेज त्यासाठी गळ्यात मारत असेल तर आधी विचारा, ‘याने माझ्या पेशंटचं औषध बदलेल का?’

औषध बदलतं ते दोन साध्या तपासण्यांनी.

पहिली, तपासनीस हजर आहे का ते बघणारी. गाठीच्या तुकड्यावर चार प्रथिनांचे रंग टाकतात. त्यांची नावं एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पहिली दोन एक बैलजोडी, नंतरची दोन दुसरी जोडी. जोडीतला थोरला बैल, म्हणजे एमएलएच१ किंवा एमएसएच२, नसला की धाकटा एकटा टिकत नाही, तोही दिसेनासा होतो. धाकटा नसला तर थोरला मात्र उभा राहतो. म्हणून रिपोर्टवर बऱ्याचदा दोन-दोन प्रथिनं एकदम गेलेली दिसतात. ही तपासणी काही हजारांत होते.

आणि इथं एक मोठा घोळ होतो. आपल्याला सवय काय, ‘निगेटिव्ह’ म्हणजे चांगलं. कोविडनं ती पक्की केली. इथं रिपोर्टवर ‘लॉस’ किंवा ‘निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ ते प्रथिन गाठीतून गेलंय, तपासनीस रजेवर आहे, हीच ती वेगळी गाठ. ‘इन्टॅक्ट’ किंवा ‘रिटेन्ड’ लिहिलं असेल तर यंत्रणा शाबूत आहे. त्यालाच काही लॅब पीएमएमआर किंवा एमएसएस लिहितात. बिघडलेल्याला डीएमएमआर किंवा एमएसआय-हाय. घरी आल्यावर काका म्हणतात, ‘चारातलं दोन निगेटिव्ह आलंय, काळजी नको’, आणि फाइल कपाटात. हे होऊ देऊ नका.

आणखी एक बारीक गोष्ट, पण तालुक्याच्या गावी महत्त्वाची. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लगेच पुरेशा फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे. सलाइनच्या बाटलीत ठेवून दुसऱ्या दिवशी एसटीनं लॅबला पाठवला तर पेशी सडतात आणि रंग नीट चढत नाही. मग ‘लॉस’ खरा की खोटा हेच कळत नाही. चांगला पॅथॉलॉजिस्ट शेजारच्या निरोगी पेशींवर रंग चढलाय का ते बघून मगच रिपोर्ट देतो.

दुसरी तपासणी रास आणि बीराफ या जनुकांची. ती पसरलेल्या कॅन्सरमध्ये लागते. केरास जनुक साधारण ४० टक्के पेशंटमध्ये बदललेलं असतं, आणि ते बदललेलं असेल तर सेटुक्सिमॅबसारखं महागडं औषध देऊन उपयोग शून्य. गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला आहे की उजव्या, हेही त्यात बघतात. हे औषध डावीकडच्या गाठींना जास्त मानवतं. बीराफचा ठरावीक बदल दहातल्या एखाद्याला असतो, त्याचा आजार जोरात चालतो, आणि त्याच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत. एवढं पुरे, यात फार शिरत नाही.

तर समजा तपासणी केली आणि डीएमएमआर निघालं. मग काय बदलतं?

दुसरी स्टेज असेल, म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीतून बाहेर आलीय पण अवधाणांत गेलेली नाही, तर बातमी चांगली आहे. असे पेशंट ऑपरेशननंतर मुळातच बरे राहतात, आणि फ्लुरोयुरॅसिल या नेहमीच्या केमोचा एकट्याचा त्यांना फायदा दिसत नाही. म्हणजे सहा महिन्यांची केमो वाचू शकते. उसाच्या तोडीच्या दिवसांत दर पंधरवड्याला माणूस आणि गाडी घेऊन जत किंवा खटावहून जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. तिसऱ्या स्टेजला मात्र जोड-केमो अजून दिली जाते. ‘पॉडकास्टमध्ये सांगितलं केमो नको’ असं म्हणून थांबू नका.

चौथ्या स्टेजला इम्युनोथेरपी. ती का चालते हे समजलं की सगळं जुळतं. काना-मात्रेच्या हजारो चुका झालेल्या पेशी वेडीवाकडी प्रथिनं बनवतात. शरीराच्या पहारेकऱ्यांना ती परकी वाटतात, ते गोळा होतात, पण गाठ त्यांचा ब्रेक दाबून धरते. पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब, दोस्तारलिमॅब ही औषधं तो ब्रेक सोडवतात. ब्रेकचा शोध लावणाऱ्या जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या गाठीत चुकाच कमी, तिथं पहारेकरी मुळात जमलेलेच नसतात. ब्रेक सोडून करणार काय, गाडीत डिझेल नाही.

३०७ पेशंटच्या एका मोठ्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांचा आजार मध्यमानानं साडेसोळा महिने आवाक्यात राहिला, केमो घेणाऱ्यांचा आठ महिन्यांच्या थोडा वर. जवळजवळ दुप्पट. पण त्याच चाचणीत इम्युनोथेरपी घेणाऱ्या दहातल्या सुमारे तिघांचा आजार न थांबता वाढला. फॉरवर्डमध्ये हे तिघं कधी येत नाहीत.

आणि खर्च. इथं आवाज जरा खाली येतो. या औषधांचा हिशेब लाखांत होतो, आणि तो दर तीन आठवड्यांनी परत होतो. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ जमिनीचा तुकडा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, जिला आपण अजून ‘जीवनदायी’च म्हणतो, कॅन्सरचं ऑपरेशन, शेक आणि नेहमीची केमो येते. तुमच्या औषधाचं काय, ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, औषध आणल्यावर नाही.

टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी यावर एक वेगळाच रस्ता चोखाळला. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, जोडीला साध्या स्वस्त गोळ्या. २०२२ मध्ये निकाल आले. एका वर्षानंतर हयात असलेले ४३ टक्के, आणि निवोलुमॅब न घेतलेल्या गटात १६ टक्के. ही चाचणी आतड्याच्या कॅन्सरची नव्हती, हे दोनदा सांगतो. तिच्यावरून आतड्याचं गणित मांडता येत नाही. पण कमी मात्रेचा प्रश्न परळमध्ये विचारला गेला, कारण लाखांचं बिल कुणाला परवडत नाही हे तिथल्या बाकड्यांवर रोज दिसतं. औषध कंपनी हा प्रश्न स्वतःहून कशाला विचारेल?

आता आजच्या भागाचा खरा विषय. इतका वेळ पेशंटबद्दल बोललो, आता पेशंटच्या पोरांबद्दल. म्हणजे तुमच्याबद्दल.

१८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बरमध्ये अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, ‘मी लवकर जाणार. आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरनं जातात.’ तिचं वय तेव्हा कमी होतं, तब्येत ठणठणीत. वॉर्थिननं ते बोलणं हसण्यावारी नेलं नाही, तिच्या घराण्याची नोंद केली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई पुढे गर्भपिशवीच्या कॅन्सरनंच गेली. १९६० च्या दशकात हेन्री लिंच या डॉक्टरांनी अशीच घराणी शोधून काढली, आणि कॅन्सर घराण्यातून येऊ शकतो हे लोकांनी मानायला बरीच वर्षं घेतली. आज त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. कारण तेच, मघाच्या बैलजोडीतलं एखादं जनुक जन्मतःच अधू असणं. आई किंवा बाप कुणाकडूनही येतं, मुलगा असो मुलगी असो, शक्यता निम्मी.

सगळी डीएमएमआर गाठ घराण्यातली नसते, हे लक्षात ठेवा. सत्तरीच्या आजीमध्ये एमएलएच१ वयाबरोबर आपोआप बंद पडलेलं असू शकतं. त्या गाठीत बीराफचा बदल सापडला तर घराण्याचा संबंध बहुतेक नसतोच. पण पेशंट ३५-४० चा असेल, किंवा एमएसएच२ गेलेलं असेल, तर रक्ताची जनुक तपासणी करायलाच हवी. आणि आपल्याकडे पेशंट तरुणच असतात. टाटामध्ये आलेल्या आतड्याच्या पेशंटचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालेलं आहे. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा आजार. आपल्याकडं रक्त पडलं की ३२ वर्षांच्या माणसाला सगळे मूळव्याधच म्हणतात. पेट्रोल पंपाच्या भिंतीवर त्याच्याच जाहिराती. वर्षभर चूर्ण, मलम, धागा, आणि मग वजन उतरल्यावर दुर्बीण. तरुण आहे म्हणून कॅन्सर नसेल हा तर्क आपल्या भागात चालत नाही.

घराण्याचा इतिहास काढायला बसलात तर तो सातारा-सांगलीत सहजासहजी सापडत नाही. खानापूर-आटपाडीकडची निम्मी भावकी गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली. पाटण-जावळीची मुंबईत माथाडी. चुलता कोइमतूरला वारला, कशानं? ‘कावीळ झाली होती.’ ती कावीळ यकृतात पसरलेल्या गाठीची होती का, कुणी विचारलं नाही. हेळवी येऊन सात पिढ्यांची नावं घडाघडा वाचतो, पण त्याच्या वहीत मुख्यतः पुरुषांची नावं, आणि मेला कशानं ते नाही. लिंचमध्ये तर लेकीबाळींचा इतिहास सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बायकांमध्ये आतड्याइतकाच गर्भपिशवीचा कॅन्सर होतो. आत्याची ‘पिशवी काढली’ हे सगळ्यांना माहीत असतं. का काढली, ते तिच्या सासरी राहिलं. बापाच्या आतड्याचा आणि आत्याच्या पिशवीचा आजार एकच असू शकतो, हे जोडायला कुणी बसतच नाही.

तेव्हा आज्जीला फोन करा. फोनवर ‘कॅन्सर’ म्हणू नका, ती बोलणार नाही. विचारा, कोण कितव्या वर्षी गेलं, पोट फुगलं होतं का, अंगावरून जात होतं का, मिरजेला नेलं होतं का. मिरजेचं नाव काढलं की आठवणी निघतात. १८९४ मध्ये वॉन्लेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढल्यापासून आपल्या भागातल्या सगळ्या मोठ्या दुखण्यांचा रस्ता तिकडूनच गेलाय.

लपवण्याचं कारण मला कळतं. ‘बाहेर कळलं तर पोरींची लग्नं जमायची नाहीत.’ पण नेमकं लग्नाच्याच बाबतीत हे लपवणं महागात पडू शकतं. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. समजा आई आणि मामा दोघांकडे एकच अधू जनुक आहे. आईच्या मुलाकडे ते येण्याची शक्यता निम्मी, मामाच्या मुलीकडे निम्मी. म्हणजे चार जोड्यांत एका जोडीत दोघांकडेही ते असेल. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला दोन्ही बाजूंनी अधू जनुक मिळण्याची शक्यता चारात एक. आणि दोन्ही अधू असतील तर लिंचचा पन्नाशीतला आजार बाळाला लहानपणीच गाठतो: मेंदूच्या गाठी, रक्ताचा कॅन्सर, शाळेच्या वयात आतड्याचा. अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतात, ते लोक जन्मखुणा समजतात. हे दुर्मीळ आहे, ऐकून कुणी ठरलेलं लग्न मोडू नये. पण ज्या घरात जनुक सापडलंय तिथं सुपारी फोडायच्या आधी दोघांची रक्त तपासणी होऊ शकते, आणि घरातला नेमका बदल माहीत असला की नातेवाइकांची तपासणी बरीच स्वस्त पडते, कारण पुस्तकातली एकच ओळ वाचायची असते.

जनुक निघालं तर जन्मठेप नाही. एमएलएच१ किंवा एमएसएच२ असेल तर २०-२५ व्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी. गाठ होण्याआधीचे मोड असतात, ते त्याच वेळी काढून टाकता येतात. इंग्लंडच्या जॉन बर्न यांनी लिंच असलेल्या ८६१ जणांवर ॲस्पिरिनची चाचणी घेतली, त्यात काही वर्षांनी आतड्याचा कॅन्सर स्पष्टपणे कमी झालेला दिसला. गोळी स्वस्त आहे म्हणून मेडिकलमधून आणून सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होतो, डॉक्टरांना विचारून. बायकांच्या बाबतीत मुलं झाल्यावर गर्भपिशवी काढायची का, याचा सल्ला वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे तरुण बायकांच्या पिशव्या नको तिथं काढल्या जातात आणि हव्या तिथं कुणी विचारत नाही, हे असंच आहे.

कुठं जायचं? कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्याच भागातल्या ग्रामीण पेशंटमध्ये डीएनए दुरुस्तीच्या जनुकांचा अभ्यास केलेला आहे, म्हणजे हा विषय तिथं परका नाही. मिरजेला सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल आहे. घराण्याची जनुक तपासणी आणि समुपदेशन यासाठी टाटाचं खारघरचं केंद्र आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री मिरजेत बसलं की सकाळी दादरला उतरता येतं, आणि राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना माहीत आहे. जाताना एक गोष्ट विसरू नका, ती म्हणजे ब्लॉक. गाठीचा तुकडा मेणात बसवून लॅबनं ठेवलेला असतो, बोटाच्या पेरापेक्षा लहान चौकोनी ठोकळा. सगळ्या पुढच्या तपासण्या त्याच्यावर होतात. लॅबमध्ये सही करून मागितला की मिळतो. नुसती फाइल घेऊन मुंबईला गेलात तर ब्लॉकसाठी परत यावं लागतं. आणि तो उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

एक प्रश्न कमेंटमध्ये नेहमी येतो, रक्ताच्या एका तपासणीत सगळं कळतं का? रक्तात गाठीचे डीएनएचे तुकडे तरंगतात, ते पकडता येतात, आणि औषधाला गाठ दाद देईनाशी झाली की कधीकधी तिथं आधी समजतं. पण पहिल्या निदानाला आजही तुकडाच लागतो. ‘बायॉप्सीनं कॅन्सर पसरतो’ या भीतीवर एक अख्खा भाग करायचाय, तो पुढच्या वेळी. तोपर्यंत आज्जीशी झालेल्या फोनमधून काय निघालं ते, नावं न लिहिता, कमेंटमध्ये कळवा.